वाचकांचे प्रश्न: सेल्फ मारला की नुसता टक् आवाज

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी बॅटरी नवीन टाकली तरी सेल्फचं बटण दाबलं की एकदाच टक् असा आवाज येतो आणि पुढे काहीच नाही, किक मारली की गाडी लगेच चालू होते. हॉर्न, इंडिकेटर, लाईट सगळं कडक आहे, मीटर लावला तर बॅटरी 12.7 व्होल्ट दाखवते. मेकॅनिक म्हणतोय सेल्फ मोटर गेली, नवीन टाका. टाकू का?

उत्तर: थांबा, मोटर अजून घेऊ नका. किकवर गाडी लगेच चालू होते म्हणजे प्लग, स्पार्क, पेट्रोल सगळं ठीक आहे, तिकडे हात लावायचं कामच नाही. आणि ते 12.7 बघून बॅटरीला आणि वायरिंगला पास करू नका, कारण तो आकडा बटण न दाबता घेतलेला आहे, त्यावेळी बॅटरीवर लोडच नसतो. हॉर्न आणि लाईट दोन-चार अँपिअरवर चालतात, सेल्फ मोटर मात्र एका झटक्यात कितीतरी पटीने जास्त ओढते. समजा वाटेत कुठे गंजलेल्या जॉईंटमुळे फक्त 0.05 ओहमचा अडथळा आहे, तर 3 अँपिअरच्या लाईटला 0.15 व्होल्ट कमी मिळतील, तुम्हाला कळणारसुद्धा नाही, पण तिथूनच 60 अँपिअर जायला लागले की 3 व्होल्ट त्या जॉईंटवरच खर्च होतात आणि मोटरपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून लाईट कडक आहे म्हणजे वायरिंग चांगलं असं धरून चालू नका.

आता खरी टेस्ट. मीटर (मल्टिमीटर) डीसी 20 व्होल्टवर ठेवा, गाडी न्यूट्रलला, लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खांबावर आणि काळी मायनसच्या खांबावर, वायरच्या क्लॅम्पवर नाही हं, थेट खांबावर. कोणालातरी बटण दाबायला सांगा आणि आकड्यावरून नजर हलवू नका. 10 च्या खाली आला तर बॅटरी दमलीये (नवीन असली तरी पूर्ण चार्ज न करता बसवली की असं होतं) किंवा मोटर जाम होऊन भलताच करंट ओढतेय. पण टक् आवाज येऊनसुद्धा आकडा 12.5 च्या आसपासच राहिला, तर याचा अर्थ करंट जातच नाहीये, वाट कुठेतरी तुटलीये. तुमच्या लक्षणांवरून मला हेच वाटतंय.

मग ती तुटलेली जागा शोधायची. लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी पिन सेल्फ मोटरच्या जाड वायरच्या बोल्टवर, बटण दाबा. आकडा 0.5 च्या आत आला तर ही बाजू चांगली, जास्त आला तर अडथळा याच बाजूला आहे, मग दोन्ही पिना रिलेच्या (बॅटरी आणि सेल्फ मोटरच्या मधला, बटण दाबलं की जोडला जाणारा स्विच) दोन जाड बोल्टांवर लावून परत बटण दाबा, 0.2 पेक्षा जास्त दिसलं की रिलेचे आतले कॉन्टॅक्ट जळलेत, रिले बदला, मोटरपेक्षा खूप स्वस्त असतो. (टक् आवाज येतो म्हणजे रिले चांगला असं बरेच जण समजतात, पण तो आवाज फक्त रिलेतल्या कॉइलने (करंट मिळाला की चुंबक होणारं तारेचं वेटोळं) आतली पट्टी ओढल्याचा असतो, पट्टीतून करंट गेला की नाही हे त्यावरून कळत नाही.) तिसरी जागा अर्थ, म्हणजे फ्रेम आणि इंजिनमधून बॅटरीच्या मायनसकडे करंट परत जायची वाट: एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, बटण दाबा, इथे 0.3 च्या वर काही नको.

ही तिसरी टेस्ट लोक हमखास सोडतात म्हणून जोर देऊन सांगतो. माझ्या स्वतःच्या गाडीची फ्रेम रंगवून आणली होती आणि अर्थचा बोल्ट नव्या रंगावरच कसला गेला, मग अधूनमधून सेल्फ फिरायचा, अधूनमधून नाही, मी बॅटरी चार्ज करत बसलो होतो आणि शेवटी अर्थला मीटर लावला तेव्हा तिथे 3 व्होल्ट दिसले. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासला, कसला, ग्रीस लावलं, गाडी एका बटणात चालू. म्हणून आधी दोन्ही टर्मिनल आणि अर्थ साफ करा, त्याला पैसे लागत नाहीत.

दोन्ही बाजू चांगल्या निघाल्या आणि मोटरच्या बोल्टवर बटण दाबताना पूर्ण व्होल्टेज येतंय तरी ती फिरत नाही, तेव्हाच मोटर खराब. त्यातसुद्धा आधी कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) बघा, बहुतेक गाड्यांना ते वेगळे मिळतात. मोटरवर हलकंसं ठोकलं आणि सेल्फ फिरला तर ब्रश झिजलेत असं जवळपास समजाच.

प्रश्न: गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. चार्ज केली की ठीक चालते.

उत्तर: आधी गाडी चालू ठेवून, रेस थोडी वाढवून बॅटरीवर मोजा, 13.5 ते 14.5 च्या दरम्यान आलं तर चार्जिंग ठीक. मग चावी बंद करून मायनसची वायर काढा आणि ती वायर व बॅटरीचा मायनस यांच्या मधे मीटर जोडा, 10 अँपिअरच्या रेंजपासून सुरू करा आणि या वेळी चावी किंवा सेल्फला हात लावू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. काही मिलिअँपिअर घड्याळासाठी चालतात, पण 100 मिलिअँपिअर दिसले तर दोन दिवसांत 4.8 अँपिअर-तास गेले, लहान बॅटरी त्यातच संपते. एकेक फ्यूज काढत बघा, आकडा कुठे उतरतो. सगळे काढूनही उतरला नाही तर रेग्युलेटरचा (बॅटरीचं चार्जिंग आवरणारा डबा) कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडून बघा.

प्रश्न: बटण दाबल्यावर टक् आवाजसुद्धा येत नाही.

उत्तर: फ्यूज, किल स्विच, न्यूट्रलचा दिवा, क्लच स्विच आणि साईड स्टँडचा स्विच याच क्रमाने बघा. साईड स्टँडचा स्विच चिखलाने अडकतो, तो धुवून हलवून बघा. त्यानेही नाही झालं तर रिलेच्या दोन बारीक वायरींवर मीटर लावून बटण दाबा, 12 च्या आसपास आलं तर रिले गेला, नाही आलं तर अडचण त्याच्या आधीच्या स्विचांमधे किंवा वायरीत.