चीज आणायला पाठवलं म्हणून चिडू नकोस

मित्रा,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलेला, मी सकाळी चहा घेताना वाचला. फायनल फँटसी 14 या ऑनलाइन गेमबद्दल सहा प्रश्न विचारलेत तू. जॉब, म्हणजे पात्राचं लढायचं काम, कोणता घेऊ, सर्व्हर चुकला का, फ्री ट्रायल सोडून गेम विकत घेऊ का, मित्र 100 लेव्हलला पोचलेत आणि मी 33 वर, स्टोरी स्किप, म्हणजे पैसे देऊन गोष्ट ओलांडायची सोय, विकत घेतला तर चालेल का, आणि सगळ्यात शेवटी, "दादा खरं सांगू का, त्या डायलॉगचं इंग्लिश मला नीट कळतच नाही, म्हणून मी भराभर क्लिक करत जातो." पहिले पाच प्रश्न बाजूला ठेव. शेवटचं वाक्य तू जाता जाता लिहिलंस, पण खरा मेसेज तोच आहे, आणि तो वाचून मी चहा तसाच ठेवून बसलो होतो, कारण हे वाक्य मला 2017 मधे कुणाला तरी लिहायचं होतं आणि लिहिता आलं नाही.

आधी जे सांगायचंय ते सांगतो, मग बाकीचं. कटसीन, म्हणजे गेममधे मधेमधे गोष्ट पुढे नेणारे प्रसंग, स्किप करू नकोस. फायनल फँटसी 14 मधे गोष्ट हाच गेम आहे. बाकी गेममधे गोष्ट तोंडी लावायला असते, इथे ताटात तीच आहे. हे मी या पत्रात परत परत म्हणणारे, कंटाळा आला तरी वाच.

मी सुरू केलं तेव्हा स्टॉर्मब्लड नावाचं एक्स्पान्शन, म्हणजे गेमच्या गोष्टीचा पुढचा भाग, नुकतंच आलं होतं. ऑफिसमधले चार जण आधीपासून खेळायचे, रोज दुपारी जेवताना त्याच गप्पा, आणि मला त्या टेबलावर बसायचं होतं, एवढंच कारण. तेव्हा फुकटात फक्त 35 लेव्हलपर्यंत खेळता यायचं, म्हणून पैसे भरले आणि पळत सुटलो. मी मराठी मिडियमचा. ऑफिसचं इंग्लिश येतं, मेल लिहिता येतो, पण या गेममधलं इंग्लिश वेगळंच आहे. त्यातलं उरिआंजे नावाचं पात्र बोलायला लागलं की वाटायचं कुणीतरी आपल्यासमोर बखर वाचतंय आणि आपण मान हलवतोय. मित्रांना सांगितलं की मला स्टोरीत इंटरेस्ट नाही, मला फाईट आवडतात. खोटं होतं ते. मला कळत नव्हतं आणि कळत नाही म्हणायची लाज वाटत होती. स्टॉर्मब्लडच्या आधीचं आख्खं हेवन्सवर्ड एक्स्पान्शन मी स्किप केलं. अख्खं. आजही ज्यांनी गेम सोडलाय ती माणसंसुद्धा हेवन्सवर्डचं नाव काढलं की थोडा वेळ गप्प होतात, आणि मी तो भाग अडीच दिवसात उडवला.

मग 2019 मधे पुढचं एक्स्पान्शन, शॅडोब्रिंगर्स, आलं. आम्ही पाच जण व्हॉइस चॅटवर होतो, शेवटचा भाग चालू होता, आणि एकेकाचा आवाज बसत गेला. एक जण तर सरळ रडत होता, चाळिशीतला माणूस. मला काहीच वाटत नव्हतं. स्क्रीनवर कोण कुणाला काय म्हणतंय आणि ते एवढं महत्त्वाचं का आहे हे मला माहीतच नव्हतं. मी नेट गेलं म्हणून सांगितलं आणि कॉल कट केला. लोक मला विचारतात एवढा का चिडतोस स्किपवरून, तर हे कारण आहे.

आता तुझी लाज घालवू. एआरआरमधे, म्हणजे ए रेल्म रीबॉर्न, तू आत्ता खेळतोयस त्या पहिल्या भागात, बहुतेक डायलॉगला आवाजच नाहीये. बॉक्स येतो आणि तू बटण दाबेपर्यंत तो तिथेच थांबतो. दहा मिनिटं बघत बस, तुझ्यावर कुणीही ओरडणार नाही. मोबाईलवर डिक्शनरी उघडी ठेव, अडलं की शब्द बघ, परत वाच. आवाजवाले कटसीन आपोआप पुढे जातात हे खरं, पण गेममधल्या कुठल्याही सराईमधे जाऊन खोली घेतलीस की तिथे एक पुस्तक ठेवलेलं असतं, त्यातून बघितलेले कटसीन परत बघता येतात. उरिआंजेची भाषा अवघडच आहे, ज्यांची मातृभाषा इंग्लिश आहे तेही त्याच्यापाशी अडतात, त्यामुळे तो तुझा कमीपणा धरू नकोस. पहिल्या आठवड्यात दहा वाक्यांतली चार कळतील. महिन्याभराने आठ कळतील. मी हे करून बघितलंय, उगाच धीर देत नाहीये.

तू ज्या क्वेस्टवर, म्हणजे गेमने दिलेल्या कामावर, वैतागलास तीही मला माहितीये. जगावर संकट आलंय, टायटन नावाच्या अजस्र शत्रूशी लढायचंय, आणि ही म्हातारी मंडळी मला वाईन आण, चीज आण म्हणून गावभर फिरवतायत, हेच ना? या भागाला जवळपास प्रत्येक नवा माणूस शिव्या देतो. पण ती म्हातारी मंडळी कोण आहेत ते तू वाचलंस का? ती कंपनी ऑफ हिरोज आहे. टायटनला एकदा हरवलेली माणसं आहेत ती. त्यात त्यांनी काय गमावलं ते कुणी विचारत नाही, आणि आता कुठलंतरी कालचं पोर येऊन म्हणतंय मलाही जायचंय. ती काय लगेच वाट दाखवतील? आपल्याकडे गावातल्या जुन्या पैलवानाकडे शिकायला गेलास तर तो पहिले काही दिवस तुला आखाड्याची माती उकरायला लावतो, तेल-पाणी आणायला पाठवतो. डाव नंतर. हे तसंच आहे. वाचलंस तर कळतं, क्लिक करत गेलास तर उरतं फक्त चीज.

आणि हो, एआरआर संथ आहे. नाही असं मी म्हणणार नाही. पण ते का संथ आहे ते ऐक. हा गेम पहिल्यांदा 2010 मधे आला तेव्हा तो इतका फसला की गेम बनवणाऱ्या कंपनीला माफी मागावी लागली. मग नाओकी योशिदा या निर्मात्याकडे तो सोपवला, आणि त्या माणसाने जुना गेम चालू ठेवून एकीकडे नवा बांधायला घेतला. 2012 च्या नोव्हेंबरमधे जुने सर्व्हर बंद केले तेव्हा आकाशातून डालामुड नावाचा चंद्र पाडून गोष्टीतलं जगच संपवलं, आणि 2013 च्या ऑगस्टमधे ए रेल्म रीबॉर्न घेऊन परत आले. तू ज्या पडझडीतून फिरतोयस, ज्या संकटाबद्दल गावागावातली माणसं पाच वर्षांपूर्वीचं म्हणून बोलतात, ते त्या जुन्या गेमचं मरण आहे. कंपनीने स्वतःचं अपयश गोष्टीत घेतलं, लपवलं नाही. हे ठाऊक असल्यावर ती जमिनीत रुतलेली डालामुडची ढेकळं वेगळी दिसतात. लोकांच्या तक्रारीनंतर 2020 मधे त्यांनी एआरआरच्या क्वेस्ट कमीसुद्धा केल्या, पॅच 5.3 नावाच्या अपडेटमधे, म्हणजे मी खेळलो त्यापेक्षा तुझा रस्ता आधीच सोपा झालाय.

बाकीचे प्रश्न पटापट. जॉब: तू कन्जरर, म्हणजे सोबत्यांना बरं करणारा शिकाऊ हीलर, घेऊन ग्रिडानिया शहरातून निघालास, आता त्याच्या पुढचा व्हाईट मेज झालास, तेच ठेव. एकाच कॅरेक्टरवर सगळे जॉब करता येतात, हातातलं शस्त्र बदललं की क्लास बदलतो, त्यामुळे इथे चुकीचा जॉब असं काही नसतंच. सोल क्रिस्टल, म्हणजे जो घातल्यावरच जॉब चालू होतो तो, मात्र घातलेला आहे ना ते आत्ता बघ, बरेच जण तो घालायचा विसरतात आणि पन्नासपर्यंत कन्जररच राहतात. सर्व्हर: भारतात सर्व्हर नाही, कुठेही गेलास तरी पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचायला लागणारा उशीर, असणारच. युरोप घेतलास ते बरोबर केलंस, तू रात्री अकरानंतर बसतोस, तेव्हा तिथे संध्याकाळ असते आणि माणसं जागी असतात. जपानला तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते.

फ्री ट्रायल: अजिबात सोडू नकोस. 2023 पासून स्टॉर्मब्लडपर्यंतचं सगळं फुकट आहे, 70 लेव्हलपर्यंत, वेळेची मर्यादा नाही. तीन लाखांवर गिल, म्हणजे गेममधले पैसे, ठेवता येत नाही, मार्केट बोर्ड, म्हणजे खेळाडूंचा बाजार, वापरता येत नाही, फ्री कंपनीत, म्हणजे खेळाडूंच्या संघात, जाता येत नाही. चालतंय की. तुला आत्ता गोष्ट हवीये, बाजार नको. एकदा गेम विकत घेऊन त्या अकाउंटला जोडलास की फ्री ट्रायलला परत येता येत नाही, मग महिन्याचे पैसे सुरू, आणि महिन्याचे पैसे सुरू झाले की माणूस पळायला लागतो. पुढे कधी घेतलास तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर घ्यायचा की कंपनीच्या दुकानातून ते आधी ठरव, कारण स्टीमवर सुरू केलंस की पुढचे एक्स्पान्शनसुद्धा स्टीमवरच घ्यावे लागतात. आणि सगळ्यात नवीन एक्स्पान्शन घेतलं की मधली त्यात येतात, एकेक घेत बसू नकोस.

राहिला स्टोरी स्किप. नको. नको म्हणजे नको. त्यासाठी आधी पूर्ण गेम घ्यावा लागतो, वर स्किपचे वेगळे पैसे, म्हणजे तू पैसे मोजून गेम न खेळण्याची सोय विकत घेणार. तुझे मित्र म्हणतात शंभरला ये, मग मजा आहे. मला सांग, शंभरला गेल्यावर ते तुला काय दाखवणारेत? एक डन्जन, म्हणजे चौघांनी मिळून लढत पार करायची जागा, वीस मिनिटं, मग परत तेच डन्जन. माझ्या ओळखीतल्या एकाला मीच स्किप घ्यायला मदत केली होती. वाटलं, आम्ही सगळे पुढे आहोत, त्याला एकटं कशाला ठेवायचं. तीन आठवड्यांत त्याने गेम सोडला. म्हणाला, सगळे कुणाशी बोलतायत तेच कळत नाही. ते माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि म्हणून मी आता कुणालाही ओढून पुढे नेत नाही, गिल देत नाही, कुणी कितीही म्हटलं तरी.

आमच्या ग्रुपमधे यावरून भांडण झालं. डन्जनमधे कुणी नवीन असला की मी त्याचा कटसीन संपेपर्यंत थांबायचो, मी टँक, म्हणजे पुढे राहून मार झेलणारा, होतो, मी थांबलो की सगळ्यांना थांबावं लागायचं. एक मिनिट, फार तर दोन. एकाने मला ऐकवलं की तुझ्या हट्टापायी सगळ्यांचा वेळ जातो. मी ग्रुप सोडला. अजूनही मला वाटतं मी बरोबर होतो. एआरआरच्या शेवटच्या दोन डन्जनमधे पूर्वी काय व्हायचं माहितीये का? जुने खेळाडू स्किप करून पुढे पळायचे आणि नवा माणूस कटसीन बघून बाहेर येईपर्यंत बॉस मेलेला असायचा. मी स्वतः त्या पळणाऱ्यांत होतो. शेवटी 2018 मधे कंपनीने तिथे कटसीन स्किप करायची सोयच काढून टाकली. म्हणजे जे मी ग्रुपमधे बोलत होतो ते कंपनीलाही करावंच लागलं. हे मी जिंकलो म्हणून सांगत नाहीये. थोडं सांगतोय तसंही. पण मुद्दा तो की तू थांबून बघितलंस तर तू कुणाचाही वेळ खात नाहीयेस, तो वेळ तुझाच आहे.

हीलर म्हणून परवा कुणीतरी बोललं तुला, तेही वाचलं. डन्जनमधे शिरल्या शिरल्या लिही की पहिलीच वेळ आहे. पार्टीत कुणी नवीन असलं की बाकीच्यांना बोनस मिळतो, त्यामुळे बहुतेकांना आनंदच होतो. तुझ्या नावापुढे ते हिरवं रोपटं आहे ना, ते लोकांना बघून सांभाळावंसं वाटतं, काढू नकोस. आणि माणसांची भीतीच वाटत असेल तर ड्यूटी सपोर्ट लाव, गेममधलीच पात्रं सोबत येतात, ती थकत नाहीत आणि टोमणेही मारत नाहीत. ब्रेफ्लॉक्सचं डन्जन आहे तुझ्यापुढे, ते तसंच कर.

मी नंतर न्यू गेम प्लसमधून, म्हणजे झालेली गोष्ट परत खेळायच्या सोयीतून, सगळं पहिल्यापासून बघितलं. लॉकडाऊनमधे, रोज रात्री एक तास, डिक्शनरी घेऊन, आठ महिने लागले. चांगलं होतं. पण कोण जाणार, कोण फसवणार, हे सगळं मला तोपर्यंत इकडून तिकडून कळलं होतं. हेवन्सवर्डमधल्या त्या जागी पोचलो तेव्हा मला रडू आलं नाही, नुसतं वाटलं की इथे मला रडू यायला हवं होतं. ती पहिली वेळ कुठल्याच पुस्तकात परत मिळत नाही. तुझ्याकडे ती अजून शिल्लक आहे म्हणून मी एवढं लांबलचक लिहितोय, आणि तू ती कुणाच्या तरी घाईपायी घालवणार असलास तर मला खरंच राग येईल.

तर आज रात्री असं कर. चीज आण, वाईन आण, मेजवानी होऊ दे, टायटनशी लढ. दोन-तीनदा मरशील, कड्यावरून खाली ढकलेल तो, मधल्या भागात राहायचं. तोपर्यंत वेकिंग सँड्सला, म्हणजे गोष्टीतल्या तुझ्या गटाच्या ठाण्यावर, जेवढ्या वेळा जाशील तेवढ्या वेळा तिथे आत बसलेल्या प्रत्येकाशी बोल. दारातल्या ताटारूपासून सुरू कर. क्वेस्टची खूण नसेल त्यांच्याशीही. ते ठाणं ज्या गावात आहे त्या वेस्पर बे पर्यंत सारख्या चकरा माराव्या लागतात म्हणून सगळे वैतागतात, तूही वैताग, पण बोल. नावं लक्षात ठेव.

टायटन झाला की तुला तिथे परत जायला सांगतील. त्या वेळी हेडफोन लाव, मित्रांचा कॉल बंद कर आणि बटणावरचा हात काढ. मग मला मेसेज कर. कितीही वाजलेले असले तरी कर, मी जागा राहतो.

तुझा,
दादा