लावणीच्या दिवसांत पाहुणे म्हणून जाताना

प्रश्न : अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला ओळखीचं महादेव कोळी कुटुंब आहे. भात, नागली, वरई आणि दोन गाई यांवरच त्यांचं घर चालतं. जुलैत आम्ही चौघं (मुलं ९ आणि १३ वर्षांची) चार दिवस त्यांच्याकडे राहू इच्छितो. काय न्यावं, शेतात मदत करता येईल का, पैसे कसे द्यावेत? – वाचक, पुणे

उत्तर : फोनवर ‘कधी येऊ?’ असं विचारलंत तर ‘कधीही या’ हेच उत्तर येईल. त्यापेक्षा ‘लावणी कधी धरताय?’ असं विचारा. पेरल्यापासून २१ ते २५ दिवसांत आवण (वाफ्यातली भाताची रोपं) लावणीला येतं. ते निबर झालं की फुटवे (बुंध्यातून येणारे नवे कोंब) कमी येतात, म्हणून पाहुणे आले तरी काम थांबत नाही. घरातल्या बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात आणि वर तुमच्या चार पानांची भर पडते. हात लावायची तयारी नसेल तर सरळ कापणीनंतर जा. तेव्हा घरात नवं धान्य असतं आणि बोलायला सवडही.

आषाढ-श्रावणात मागच्या सालचं धान्य सरत आलेलं असतं. शिधा स्वतःचा न्या : माणशी रोज पाव किलो तांदूळ-पीठ, ७५ ग्रॅम डाळ. चौघांना चार दिवसांचे चार किलो आणि सव्वा किलो झाले. शिवाय एक लिटर तेल, गूळ, चहापत्ती. पोचल्याबरोबर ते घरच्या बाईच्या हाती द्या. निघताना दिलं तर तुमच्यासाठी त्यांचंच धान्य शिजून गेलेलं असतं. पावसात झऱ्याचं पाणी गढूळ होतं. ते गाळून, खळखळून उकळलेलंच प्या. मात्र पावसाळ्यात कोरडी लाकडं मोजकीच असतात, म्हणून रोजच्या स्वयंपाकानंतरच्या आचेवर हंडा चढवायला सांगा, वेगळी चूल पेटवायला नको.

लावणीत नवख्याचे चूडच (एका जागी खोचायचे रोपांचे झुबके) बिघडतात. एका चुडात दोन-तीन रोपं घ्या, अंगठा आणि दोन बोटांनी मुळाजवळ धरून दोन-तीन सेंटिमीटरच खोचा. खोल गेलं तर फुटवा उशिरा येतो, उथळ राहिलं तर पाण्यावर तरंगतं. मुळं वर वळली की रोप धरत नाही. दोन चुडांत वीतभर अंतर ठेवा, मागे सरकत चला. तासाभराने कंबर धरली तर बांधावर बसा. घाईने वेडेवाकडे लावलेले चूड दुसऱ्या कुणाला तरी उपटून पुन्हा लावावे लागतात.

पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका. गुरं-उंदरांच्या मुतामुळे त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना भातशेतीत उतरल्याचं आवर्जून सांगा. धाकट्याला शेतावर जेवण पोचवायचं काम द्या, तेही मोठ्या माणसासोबत.

रात्री मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा. मण्यार हा विषारी साप; ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला अंथरुणात चावते. बाहेर जाताना बॅटरी हवीच.

पैशांचं दिवसाप्रमाणे आधीच ठरवा. ‘तुम्ही द्याल ते’ यावर सोडलं तर संकोचाने ते कमीच घेतात. रक्कम रांधणाऱ्या बाईच्या हातात द्या, मुलांना नोटा वाटू नका.

रानभाजी स्वतःच्या मनाने तोडू नका. भारंगीसारखी कडू पालेभाजी उकडून, पाणी टाकून, पिळून मगच फोडणीला जाते. कंद तर जाणत्याने ओळखल्याशिवाय तोंडात घालायचेच नाहीत.