६० दिवसांचा व्यायाम बाराव्या दिवशी सुटतो तेव्हा

"मॅडम, घरच्या घरी करायचा ६० दिवसांचा व्यायामाचा व्हिडिओ कोर्स घेतला. ग्रुपमधल्या बाकीच्यांचं मस्त चाललंय, माझा बाराव्या दिवशी सुटला. मला कुठलीच गोष्ट शेवटाला नेता येत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?"

मी समुपदेशक आहे, आणि थोड्याफार फरकाने हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. जानेवारीत जास्त, आणि घरात लग्न ठरलं की हमखास. कोर्सची नावं बदलतात, साचा तोच असतो. आठवड्याचे सहा दिवस, रोज अर्धा-पाऊण तास उड्या, बर्पी, स्क्वॉट, प्लँक. मधे श्वास घेण्यापुरती विश्रांती. दर पंधरवड्याला स्वतःची चाचणी. आणि पडद्यावर एक पिळदार माणूस, जो स्वतः धापा टाकत तुम्हाला ओरडून सांगत असतो की थांबायचं नाही.

उत्तर म्हणून एका ताईंची हकिकत सांगते. त्यांना विचारून सांगते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई पस्तिशीच्या, डोंबिवलीच्या, बँकेत नोकरी. मुलगी चार वर्षांची. घरात नवरा आणि सासूबाई, दीर-जाऊ पलीकडच्या बिल्डिंगमध्ये. कोर्स दिराने आणला होता. त्याने, जावेने, ताईंनी आणि ताईंच्या बँकेतल्या एका मैत्रिणीने मिळून एकाच दिवशी सुरुवात केली. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. व्यायाम झाला की हिरवी खूण टाकायची, एवढाच नियम. बारा दिवसांनी ताईंची खूण थांबली. त्यानंतर त्या ग्रुप उघडायच्याच बंद झाल्या, आणि काही आठवड्यांनी माझ्याकडे आल्या.

येताना त्यांनी मोबाइलमध्ये यादी करून आणली होती: अर्धवट सोडलेला गिटारचा क्लास, जर्मनची पहिली पातळी, तीन वेळा सुरू केलेली डायरी, आता हा कोर्स. "माझे बाबा मला लहानपणापासून आरंभशूर म्हणतात," त्या म्हणाल्या, "आणि ते खरंच आहे." पुरावा गोळा करून खटला स्वतःच चालवायचा आणि निकालही स्वतःच द्यायचा, अशी माणसं मला नेहमी भेटतात. त्यांच्याशी निकालावर वाद घालून उपयोग नसतो. मी पुराव्याकडे वळते.

"कोर्स का सोडलात?" असं मी विचारत नाही. त्याला 'आळस' हे उत्तर तयार असतं. मी विचारलं, "बाराव्या दिवशी व्हिडिओच्या कितव्या मिनिटाला थांबलात? त्या वेळी पडद्यावर काय चाललं होतं?"

त्यांना आठवेना. मग आम्ही उलटं मोजत गेलो. अकरावा दिवस कसा होता, दहावा कसा होता. प्लँक जमत होता. स्क्वॉटला मांड्या भरून यायच्या, पण जमत होते. थांबायचं ते उड्यांपाशी. जंपिंग जॅक आले की त्या स्वयंपाकघरात जायच्या. कधी कुकर बघायला, कधी मुलगी उठली का ते बघायला. आणि बोलता बोलता त्या सहज म्हणून गेल्या, "व्यायामाच्या आधी मी पाणी पीतच नाही. दोनदा बाथरूमलाही जाऊन येते."

थोडं थांबून मी सरळ विचारलं. उड्या मारताना लघवी सुटते का?

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग हो म्हणाल्या. बाळंतपणापासून खोकलं, शिंकलं की थोडं व्हायचं, त्याची सवय झाली होती. उड्यांमध्ये मात्र आवरायचंच नाही. पॅड लावून, काळी ट्रॅकपँट घालून त्यांनी बारा दिवस रेटले. बाराव्या दिवशी रविवार होता, दीर-जाऊ सगळ्यांनी मिळून करायला ह्यांच्या हॉलमध्ये आले होते. पहिल्या पाच मिनिटांतच ताई "डोकं दुखतंय" म्हणून आत गेल्या. त्यानंतर तो व्हिडिओ त्यांनी लावला नाही.

ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालाही सांगितलेली नव्हती. आणि मला सर्वांत विलक्षण वाटलं ते हे, की स्वतःशी हिशेब मांडतानाही त्यांनी ती धरली नव्हती. यादीत गिटार होती, डायरी होती, हे नव्हतं. लाज इतकी पक्की असते की कारण समोर असताना माणूस स्वभावावर खापर फोडून मोकळा होतो. आळशी म्हणवून घेणं त्या मानाने सोपं जातं.

शरीराचं निदान करणं माझं काम नाही. मी त्यांना आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि त्यांच्या सल्ल्याने या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. जे कळलं ते थोडक्यात असं. उडी मारून पाय जमिनीला टेकतात तेव्हा पोटातला दाब एकदम वाढतो. मूत्राशयाला खालून तोलून धरणारे कटितळाचे स्नायू बाळंतपणात ताणले गेलेले असतील, तर त्या दाबापुढे ते कमी पडतात. हे फार बायकांना होतं आणि बहुतेकींना त्यावर इलाज करून घेता येतो. ते स्नायू आवळून-सोडून बळकट करायचा व्यायाम अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला, आजही पहिला उपाय तोच आहे. ताईंना दिवसातून तीनदा, दर वेळी आठ-दहा आवळणी, आणि निदान तीन महिने, असं सांगितलं गेलं. पद्धत मात्र तज्ज्ञाकडून शिकून घ्यावी. पुष्कळ जणी श्वास कोंडून पोट आवळतात आणि उलट खाली जोर देतात.

माझ्या वाट्याचं काम वेगळं होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि मराठी वाचकांपर्यंत कि. मो. फडके यांनी पोहोचवलेली विवेकनिष्ठ पद्धत इथे कामाला येते. घडलं काय, त्यावर मी स्वतःला काय ऐकवलं, आणि मग मला काय वाटलं, हे तीन वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचं. ताईंच्या पहिल्या रकान्यात होतं, "बारा दिवसांनी व्यायाम थांबला." दुसऱ्यात, "मी कधीच काही पूर्ण करत नाही आणि करणारही नाही." वाक्य वडिलांचं होतं, आता त्याला पडद्यावरच्या त्या ओरडणाऱ्या माणसाचा आवाज लागला होता. मला या आरडाओरड्याचा राग येतो हे कबूल करते. ज्याला मुळात स्वतःला झोडपायची सवय नाही, त्याला त्यातून हुरूप येतो. ज्याला ती सवय आहे, त्याच्या हातात आणखी एक छडी दिल्यासारखं होतं.

मी त्यांना दुसरी यादी करायला सांगितली, पूर्ण केलेल्या गोष्टींची. त्यांनी दोन ओळी लिहून आणल्या आणि म्हणाल्या, हे तर सगळेच करतात. त्यात एक ओळ होती, "सीएआयआयबी पास." बँकेतल्या वाचकांना सांगायला नको, बँक कर्मचाऱ्यांसाठीची ही परीक्षा नोकरी सांभाळून द्यायची असते आणि बरेच जण ती वर्षानुवर्षं पुढे ढकलतात. ताईंनी ती मुलगी तान्ही असताना दिली होती. आरंभशूर बाई रात्री दीड वाजता पाळण्याला झोका देत बॅलन्सशीट सोडवत बसत नाही. हे मी त्यांना बोलून दाखवलं तेव्हा त्या हसल्या, पण मान्य करायला त्यांनी आणखी दोन बैठका घेतल्या.

आता त्या ग्रुपमधल्या इतरांचं. "बाकीच्यांचं मस्त चाललंय" हा प्रश्नातला अर्धा भाग तसा तपासून घ्यावा लागतो. दिराचं खरंच मस्त चाललं होतं. सात किलो उतरले, दम वाढला, झोप सुधारली. तो २९ वर्षांचा, कॉलेजात कबड्डी खेळलेला, आणि त्या दोन महिन्यांत त्याने संध्याकाळचा वडापावही बंद केला होता. वजनातला किती वाटा उड्यांचा आणि किती वडापावचा, ते तोच जाणे. मैत्रिणीने ३० दिवस केलं आणि तिच्या टाचा आणि नडगीची हाडं ठणकायला लागली. जाऊ रोज निम्माच व्हिडिओ करत होती, उडीच्या जागी पाय बाजूला टाकत होती, आणि खूण मात्र पूर्ण टाकत होती. तिला तो व्यायाम आवडला होता. चौघांचे चार अनुभव, आणि चारही खरे.

मैत्रिणीच्या टाचांचं कारण आपल्या घरांमध्ये आहे. व्हिडिओतली माणसं जाड तळाचे बूट घालून लाकडी जमिनीवर उड्या मारतात. आपण पहाटे पाचला हॉलमध्ये, अनवाणी, फरशीवर. समोर देव्हारा असतो, बूट घालून कोण नाचणार? शिवाय आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर उतरायचं, कारण खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर येऊन गेलेले असतात. मैत्रिणीने पुढे नवे बूट फक्त घरात वापरायला ठेवले आणि खाली जाड मॅट टाकली, उड्याही अर्ध्या केल्या. टाचा निवळल्या.

आणखी एक गोष्ट मी अशा प्रत्येकाला सांगते. थोड्या वेळात जीव तोडून करायच्या या व्यायामाची कीर्ती ज्या प्रयोगांमुळे पसरली, त्यातला एक गाजलेला प्रयोग जपानमधल्या इझुमी ताबाता यांचा, १९९६ साली छापून आलेला. २० सेकंद पूर्ण जोर, १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या. त्यात भाग घेणारे व्यायामाचा सराव असलेले तरुण पुरुष होते आणि तो व्यायाम जागेवरच्या सायकलवर होता. बाळंतपण झालेली, पाच तास झोपलेली, सात वाजताची लोकल गाठणारी बाई त्या प्रयोगात नव्हती. तिला हा व्यायाम चालणारच नाही असं याचा अर्थ नाही. पण तिने स्वतःची तुलना कोणाशी करावी, हे यावरून ठरवता येतं.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम अशी आहे. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागणं. डोंबिवली स्टेशनपर्यंत रिक्षा न करता भरभर चालत गेलं तरी ताईंची निम्मी मिनिटं भरत होती. हे सांगितल्यावर त्या नाराजच झाल्या. "मग त्यात मी काय केलं?" असं त्यांचं म्हणणं. घाम निथळला नाही तर व्यायाम झाला असं वाटतच नाही, हीही एक समजूतच. तिच्यावर आम्ही बराच वेळ घालवला.

सगळ्यांच्या सोडण्यामागे असं शारीरिक कारण असतं असं नाही. काहींना तो प्रकार फक्त कंटाळवाणा वाटतो, आणि कंटाळा हेसुद्धा पुरेसं कारण आहे. दुसरं काहीतरी निवडावं. पण व्यायामाबरोबर जेवण, गप्पा, आवडती मालिका, सगळ्यातलीच गोडी दोन आठवड्यांहून जास्त गेली असेल, झोप बिघडली असेल, तर तो प्रश्न व्यायामाचा नाही. तिथे नैराश्याची तपासणी आधी. आणि छातीत दुखणं, घेरी येणं, किंवा अंग विलक्षण दुखून लघवीला कोऱ्या चहासारखा रंग येणं, यांपैकी काही झालं तर समुपदेशकाची नव्हे, डॉक्टरांची वेळ घ्यावी, तीही त्याच दिवशी. पहिल्या आठवड्यात अंग दुखतं ते वेगळं. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि मग आपसूक उतरतं.

उलटी माणसंही येतात, म्हणजे त्यांना आणलं जातं. तापात व्हिडिओ लावणारी, एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोनदा करणारी, लग्नाच्या पंगतीत पाण्यावर बसणारी. त्यांच्या ग्रुपमधल्या हिरव्या खुणा अखंड असतात आणि सगळे त्यांचं कौतुक करतात. घरच्यांनी तिथे जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं.

ताईंनी बाबांना काही सांगितलं नाही, त्याची गरजही नव्हती. नवऱ्याला सांगितलं. जावेलाही सांगितलं, भाजी निवडताना, आणि जाऊ म्हणाली, "अगं, मी पाय बाजूला टाकते ते कशाला वाटतं तुला?" दोघी आता एकाच फिजिओथेरपिस्टकडे जातात. ताई चालतात, आठवड्यातून दोनदा वजनं उचलतात. तीन महिन्यांनी शिंकेचा त्रास जवळपास थांबला, उड्यांचा पूर्ण थांबलेला नाही. ग्रुप त्यांनी सोडला नाही, पण खूणही टाकत नाहीत. दीर दुसरी फेरी करतो आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो व्हिडिओ उड्या वगळून पुन्हा लावून बघू का, असं त्यांनी परवा विचारलं. मी म्हटलं, फिजिओथेरपिस्टला विचारा, आणि व्यायामाआधी पाणी प्या.