लग्न ठरलंय, तारीख लांब आहे. तोवर एकत्र राहायला जावं का?

तुम्ही विचारलंय की लग्न ठरलंय, तारखेला अजून सात महिने आहेत, दोघांना दोन घरांचं भाडं जड जातंय, तर आत्ताच एकत्र राहायला जावं का. आणि शेवटी मैत्रिणीचं वाक्य लिहिलंय, "नव्याचे नऊ दिवस लग्नाआधीच संपवून बसाल." ते तुमच्या मनाला लागलेलं दिसतंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही लग्नाआधी नऊ महिने एका घरात राहिलो. आता लग्नाला पाच वर्षं झाली. माझं उत्तर आहे, जा. फक्त ठरवून जा. आम्ही ठरवून गेलो नव्हतो आणि पहिले दोन महिने तेच निस्तरत होतो.

घर मी भाड्याने घेतलं होतं. त्याच्या खोलीतले मित्र एकेक करून दुसरीकडे गेले आणि त्याला एकट्याला भाडं झेपेना. लग्न तर ठरलेलंच होतं. मग शनिवार-रविवारी येणारा तो सोमवारी सकाळी इथूनच कामावर जायला लागला. आधी एक बॅग आली, मग इस्त्रीचे शर्ट आले, मग त्याचं टेबल आलं. एका गुरुवारी संध्याकाळी बूट काढता काढता तो म्हणाला, "खोलीची किल्ली देऊन टाकली आज." मी "बरं झालं" म्हणाले आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. एकत्र राहायचा आमचा निर्णय तो एवढाच.

दीड महिन्याने एका सकाळी खुर्चीच्या पाठीवर त्याचा ओला टॉवेल दिसला. रोजच असायचा. खुर्ची माझ्या आजीची, लाकडी, आणि पाठीवरचं पॉलिश पांढरट पडायला लागलं होतं. मला बोलायचं होतं टॉवेलबद्दल, तोंडातून निघालं, "माझ्या घरात असलं चालणार नाही." तो काही बोलला नाही. टॉवेल उचलला, नीट घडी केली, तसाच ओला बॅगेत भरला आणि कामावर निघून गेला. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर ती बॅग होती.

रात्री त्याने विचारलं, "मी इथे पाहुणा आहे का, एवढं सांग." तेव्हा मला कळलं की आपण त्याला कधी "ये, आपण इथे राहू" असं म्हटलेलंच नाही. आणि त्यालाही कळलं की त्याने मला कधी "येऊ का" असं विचारलेलं नाही. आपलं घर न विचारता वाटलं गेलं म्हणून मी धुमसत होते, आणि तो दुसऱ्याच्या घरात अंग चोरून राहत होता. त्या रात्री एक वाजेपर्यंत बसून सगळं ठरवलं. भाडं कोण किती देणार, करारावर त्याचं नाव कधी घालायचं, कपाटाचे कुठले दोन कप्पे त्याचे. टॉवेलसाठी दाराच्या मागे खिळा ठोकला. तो खिळा अजून आहे.

ह्या प्रकारावर चांगला अभ्यास झालाय हे मला पुढे वाचनात आलं. अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठातले गॅलिना रोड्स, स्कॉट स्टॅन्ली आणि हॉवर्ड मार्कमन हे मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षं जोडप्यांवर काम करतायत. ठरवून पाऊल टाकणारी जोडपी आणि नुसती घरंगळत पुढे जाणारी जोडपी, हा फरक त्यांनी मांडला. २००९ साली त्यांनी गेल्या दहा वर्षांत लग्न झालेल्या हजारावर लोकांशी फोनवर बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. लग्न ठरायच्या आधीपासूनच एकत्र राहणाऱ्यांमध्ये पुढे लग्नातलं समाधान सरासरीने कमी आढळलं. लग्न ठरल्यावर एकत्र राहायला गेलेले आणि लग्नानंतरच गेलेले, ह्या दोघांत मात्र फारसा फरक नव्हता. अर्थात ह्या सरासऱ्या आहेत, तुमच्या घरात काय होईल ते त्या सांगणार नाहीत. तरी मैत्रिणीच्या वाक्यापेक्षा हे जास्त लक्षात घेण्यासारखं आहे. तुमचं लग्न ठरलंय, म्हणजे मोठा निर्णय तुम्ही आधीच बोलून घेतलाय. आता राहण्याचाही तसाच बोलून घ्या. आणि जोडीदाराची परीक्षा घ्यायला म्हणून जाऊ नका. परीक्षक घरात असला की समोरचा मोकळा राहूच शकत नाही.

घरकामावरून तुमचं वाजणार, हे आत्ताच सांगून ठेवते. आमचंही वाजलं. एका रविवारी आम्ही वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं की घरातलं शंभरातलं किती काम मी करतो किंवा करते. मी ७० लिहिलं. त्याने ६० लिहिलं. बेरीज १३०. आधी दोघंही चिडलो, मग कागद शेजारी ठेवून बघत बसलो. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली ह्या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या ३७ जोडप्यांना जवळपास हेच विचारलं होतं आणि बहुतेकांची बेरीज शंभराच्या वर गेली होती. कारण साधं आहे. आपण केलेलं काम आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण पाहिलेलंच नसतं. तो बाथरूमची जाळी साफ करतो हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मला वाटायचं ती तुंबत नाही! आणि घरात काय संपत आलंय हे डोक्यात ठेवणं हेही काम आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. निम्मं-निम्मं वाटायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. कोणती कामं कुणाची, आणि ती पूर्ण त्याचीच, आठवणीसकट, असं ठरवलं. आठवण करून द्यावी लागली तर ते काम निम्मं माझ्यावरच राहतं, हे त्याला पटायला वेळ लागला, पण पटलं.

आता ज्याबद्दल कुणी सावध करत नाही ते. लग्न ठरलेल्या जोडप्याचे हे महिने एकमेकांपेक्षा लग्नाच्या तयारीतच जातात. आम्ही तर एका छताखाली होतो, त्यामुळे तयारी रात्री अंथरुणापर्यंत यायची. पाहुण्यांची यादी, कोणाला कोण चालत नाही, कोणाचा फोन राहिला. एक महिना असा गेला की आम्ही एकमेकांशी फक्त कामाचं बोलत होतो, एखाद्या ऑफिसातल्या दोन माणसांसारखं. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे ह्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले होते. जोडीदाराच्या मृत्यूला १००, नोकरीवरून काढून टाकलं जाण्याला ४७ आणि लग्नाला ५०. हे वाचून मला फार हायसं वाटलं होतं. आनंदाच्या गोष्टीनेही माणूस थकतो, आणि आपण थकलोय म्हणजे आपलं प्रेम कमी झालंय असं नाही. मग आम्ही मंगळवारची संध्याकाळ राखून ठेवली. त्या संध्याकाळी लग्नाचा विषय काढायचा नाही. घरचा फोन आला तरी "उद्या बोलतो" म्हणायचं. पहिल्या मंगळवारी आम्हाला बोलायला विषयच सापडेना, अर्धा तास नुसते चालत राहिलो. तिसऱ्या मंगळवारी त्याने मला त्याच्या वडिलांच्या आजारपणातल्या दिवसांबद्दल सांगितलं. ते त्याने आजवर कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

भांडणाचं म्हणाल तर मी बोलून मोकळी होणारी, तो गप्प होणारा. तो गप्प झाला की मी आणखी बोलायचे, मी आणखी बोलले की तो आणखी मिटायचा. जॉन गॉटमन ह्या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सिॲटलला एक घरासारखी प्रयोगशाळा करून जोडप्यांचं बोलणं, त्यांच्या नाडीचे ठोके वगैरे वर्षानुवर्षं टिपलं. त्यांच्या पाहण्यात आलं की गप्प होणाऱ्या माणसाच्या छातीत बऱ्याचदा धडधड चाललेली असते आणि ती शांत व्हायला किमान वीस मिनिटं तरी लागतात. तेव्हापासून आमच्याकडे "वीस मिनिटं" असा शब्द आहे. जो म्हणेल त्याने बाहेर जायचं, पण परत यायची जबाबदारीही त्याचीच. ही दुसरी अट सोडू नका, नाहीतर ते नुसतं निघून जाणं होतं. गॉटमन असंही सांगतात की जोडप्यांच्या वादांपैकी ६९ टक्के वाद कधीच सुटत नाहीत, ते स्वभावातून आलेले असतात. माझा अनुभव तसाच आहे. तो उशिरा झोपतो, मला दहालाच डोळे उघडे ठेवता येत नाहीत. पाच वर्षांत दोघंही बदललो नाही. फक्त दिवा बदलला, त्याच्या बाजूला छोटा लावला.

पैशाबद्दल पहिल्याच आठवड्यात बोला. आकडे समोर ठेवून. पगार किती, कर्ज किती, घरी किती पाठवता, कोणाला जामीन राहिलाय. त्याने भावाच्या कर्जाला जामीन राहिल्याचं मला सातव्या महिन्यात कळलं, तेही कागद आवरताना. त्याने लपवलं नव्हतं, सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. मला ते पचायला पंधरा दिवस लागले.

दोघं मिळून एकदा डॉक्टरांकडेही जा. एकत्र राहणार तर गर्भनिरोधनाचं आधी ठरवा, आणि ते एकट्या मुलीच्या डोक्यावर टाकू नका. गोळी अगदी नियमाने घेतली तर वर्षभरात शंभरात एकीपेक्षाही कमी जणींना दिवस जातात, पण प्रत्यक्षात विसरणं-चुकणं धरलं तर हा आकडा साताच्या आसपास जातो. त्याच भेटीत थॅलेसेमियाची, म्हणजे आईवडिलांकडून मुलांकडे येणाऱ्या रक्ताच्या एका आजाराची, तपासणी करून घ्या. वाहक माणसाला, म्हणजे ज्याच्याकडून तो मुलांकडे जाऊ शकतो त्याला, स्वतःला बहुतेकदा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे लग्नाआधी माहीत असणं वेगळं आणि बाळ झाल्यावर कळणं वेगळं.

घरच्यांना सांगायचं की नाही, हे तुमच्या घरचं तुम्हालाच माहीत. मी आईपासून चार महिने लपवलं. फोन आला की तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा, खोकला आला तरी दाबायचा. शेवटी मीच सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "त्याला घरात बरं वाटतं ना?" तो खोकला दाबून बसायचा त्याचं मला अजून वाईट वाटतं.

एक मात्र फार गंभीरपणे सांगते. ह्या महिन्यांत हात उगारला गेला, चारचौघांत अपमान व्हायला लागला, फोन तपासला जायला लागला, पैशाबाबत खोटं सापडलं, तर "आता आमंत्रणं गेलीत" म्हणून पुढे जाऊ नका. माझ्या जवळच्या एकीने तारखेच्या पाच आठवडे आधी लग्न मोडलं. लोक बोलले. ती आज ठीक आहे, आणि त्यावेळी मी तिच्या पाठीशी आणखी ठामपणे उभं राहायला हवं होतं असं मला वाटतं.

आता नव्याचे नऊ दिवस. संपले आमचे, लग्नाआधीच संपले, खरं आहे. लग्नाच्या रात्री आम्ही दमून घरी आलो, त्याने दिवा लावला, मी पाय धुतले, आणि त्याने न सांगता माझ्या बाजूची खिडकी अर्धी उघडून ठेवली. मला पूर्ण बंद खिडकीत झोप येत नाही, हे त्याला तोवर पाठ झालं होतं. त्या रात्री मला अनोळखी असं काहीच वाटलं नाही. तेच मला हवं होतं.

सामान हलवण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि एकमेकांना तोंडाने विचारा, "येशील का राहायला?" उत्तर माहीत असलं तरी विचारा. मग करारावर दोघांची नावं घाला आणि पहिल्याच दिवशी दुसरी किल्ली करून घ्या. आमच्याकडे तीन महिने एकच किल्ली होती, आणि तो जिन्यात माझी वाट बघत बसायचा.