विदर्भात भूकंप होतच नाही, मग शाळेत सराव कशाला?

तुम्ही लिहिलंय की गाव वाशीम जिल्ह्यात आहे, तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत आहात, आणि भूकंपाच्या सरावाचा विषय काढला की बाकीचे सदस्य म्हणतात, "आपल्याकडे कुठं होतो भूकंप?" मी अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. हेच वाक्य मी पण खूप ऐकलंय.

त्यांना लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाचं सांगा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथली जमीन हलली, तेव्हा तो भाग सरकारी नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जवळपास दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते झोपलेल्यांच्या अंगावर आलं. विदर्भाचा बराचसा भागही आज कमी धोक्याच्याच पट्ट्यात मोडतो. पण २०२४ मध्ये मार्चात तुमच्या शेजारच्या हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, आणि ४ डिसेंबरला तेलंगणातल्या मुलुगूचा ५.३ चा धक्का गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत जाणवला. घाबरवायला सांगत नाही. "आपल्याकडे" म्हणजे नेमकं कुठवर, एवढाच मुद्दा आहे.

आता सराव. पोस्टरवर लिहिलेलं असतं, "बाकाखाली लपा." आमच्या पहिली ते चौथीला बाकंच नाहीत, लेकरं पट्ट्यांवर बसतात. म्हणून आम्ही त्यांना शिकवलं: खिडकी आणि कपाटापासून लांब सरका, गुडघ्यांवर वाका, दप्तर डोक्यावर घट्ट धरा. हलणं थांबलं की मैदानात. भिंतीलगत नाही, विजेच्या तारेखाली नाही.

पहिल्या सरावाला घंटा दिली, आणि दुसरीचा वर्ग दारातच अडकला. चपलांमुळे! वर्गाबाहेर चाळीसेक जोड्यांचा ढीग, आणि प्रत्येक जण वाकून आपली चप्पल शोधतोय. एक पोरगी तर एकच चप्पल हातात घेऊन रडत उभी होती, मागचे तिला ढकलत होते. त्यात मागच्या चॅनल गेटला कुलूप. चावी मुख्याध्यापकांच्या खिशात, आणि ते पंचायत समितीत मीटिंगला. दुसऱ्या दिवसापासून चपला व्हरांड्याच्या कडेला एका रांगेत, "घंटा झाली की अनवाणी" हा नियम, आणि गेटची दुसरी चावी पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे. म्हणून सराव घ्याच, आणि वेळ आधी कुणाला सांगू नका. कागदावरच्या आराखड्यात चपला दिसत नाहीत.

पण किल्लारीचा धक्का पहाटेचा होता. शाळेत कुणी नव्हतं. म्हणून मी मुलांना घरचा अभ्यास दिला: रात्री झोपता तिथं आडवं व्हा, वर बघा, काय काय अंगावर पडू शकतं त्याचं चित्र काढून आणा. फळीवरची लोखंडी पेटी, तुरीच्या पोत्यांची थप्पी, फवारणीच्या औषधाची बाटली, आणि जवळपास प्रत्येक चित्रात टिनावर ठेवलेले दगड. वादळात टिन उडू नये म्हणून ठेवतात, धक्क्यात तेच खाली येतात. टिनं जे-हुकनं (टिन खालच्या सांगाड्याला आवळणारा वाकडा खिळा) आवळून घेतली तर दोन्हीची भीती कमी होते. आम्ही वर्षानुवर्षं भाषणं दिली त्यानं जे झालं नाही, ते त्या चित्रांनी केलं. कित्येक घरांत पेट्या खाली उतरल्या, पोती झोपण्याच्या जागेपासून हलली.

पालकसभेत तीन गोष्टी ठरवून टाका: बाहेर पडल्यावर घरातल्यांनी कुठं जमायचं, म्हाताऱ्या माणसाला कोण धरणार, आणि सातबारा, आधार, पासबुक असलेली प्लास्टिकची पिशवी कुठं टांगलेली असेल. पुरातही हीच तयारी कामी येते. आमच्याकडे मोवाडचं नाव निघालं की जुनी माणसं अजून गप्प होतात. ३० जुलै १९९१ च्या वर्धा नदीच्या पुरानं तिथं दोनशेवर जीव घेतले.

आणि खरं सांगू? अशा आपत्तींमध्ये तुमच्या गावात लेकराला जास्त धोका आभाळातून पडणाऱ्या विजेचा आहे. निंदण-डवरणीच्या दिवसांत दुपारी आभाळ भरून येतं आणि माणसं झाडाखाली पळतात. तेच नको. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच. उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देतं, ते निदान गुरुजी आणि पोलीस पाटलांच्या फोनमध्ये तरी असू द्या.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसत नाही, हे मुलांना आवर्जून शिकवा. काही ठिकाणी त्याला शेणात ठेवतात, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायची, आणि दुसऱ्यानं तोवर १०८ लावायचा. आमच्या सातवीच्या मुलांना आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी हे उशीवर करून दाखवलं. तुमच्या उपकेंद्रात विचारून बघा, बहुतेक कुणीतरी येईल.