मातीच्या भिंत-फरश्या: पहिल्या घाण्याआधी

आधी एक सांगतो, माती छापणारा थ्रीडी प्रिंटर आत्ताच घेऊ नकोस. साधा प्लास्टिकचा प्रिंटर पुरे. त्यावर नक्षीचा एक नमुना काढ, त्याला साबणाचा हात दे, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा कर. मग त्यात माती दाब. जमलं तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन ये. साच्यांत दाबून केलेल्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती आहेत तिथं. आपलं काम तेच, फक्त नमुना कॉम्प्युटरवर.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- आकसणं विसरतात. मी पहिल्यांदा १५ सेंमीची फरशी काढली, भट्टीतून निघाली साडेतेराची! भिंतीवरची नक्षी जुळेचना. मातीच्या पट्टीवर १० सेंमीची रेघ ओढ, भाजून मोज. ९ भरली तर १५ साठी साचा १६.७ चा धर.
- रानातली नुसती काळी माती वापरतात. ती वाळताना भेगाळते, शेतात बघतोसच की. गावच्या कुंभाराला विचार, तो काय मिसळतो ते बघ. चार दिवस त्याच्या हाताखाली काढलेस तर फारच बरं.
- उन्हात वाळवतात. आपल्याकडचा एप्रिल म्हणजे कडा आधी सुकून वर उचलणारच. सावलीत, प्लास्टिकखाली ठेव आणि रोज उलट.

बिनझिलईची, म्हणजे वर काचेसारखा थर न दिलेली फरशी पाणी पिते, म्हणून न्हाणीघर सोडून बैठकीची भिंत धर. झिलईचं नंतर बघू. पहिल्या घाण्याला बाराच फरश्या कर. दोन-तीन तडकतील, तडकू देत.