बाबांचं घर नावावर करून घेऊ का?

प्रश्न: आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, बाबा ७४चे, आई माझी दोन्ही मुलं सांभाळते, औषधं अन् लाइटबिल मी बघतो, आता बाबा म्हणतायत घर तुला बक्षीसपत्र करून देतो, मला घ्यायला कसंतरीच होतंय, काय करू?

उत्तर: मग घाई नका करू हो. मृत्युपत्र केलं तर बाबा आहेत तोवर घर त्यांचंच राहतं, मन बदललं तर तेही बदलता येतं. बक्षीसपत्रच हवं असेल तर आईबाबांना सांभाळायची अट त्यात स्पष्ट लिहा, ती मोडली तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३खाली ते रद्द करून मागता येतं. आणि आई दिवसभर पोरांमागे धावते ना, तिला दुपारी दोन तास तरी झोपू द्या, प्लीज.